फाटलेल्या ओठाचं पहिलं ऑपरेशन : टाके पडले म्हणजे काम झालं, असं का नाही?

शहापूर / कल्याण : दुभंगलेल्या ओठांच्या मुलांसाठी मोफत शस्त्रक्रिया शिबिर झालं की बातमी ठरलेली असते. बाळाला कडेवर घेतलेली आई, शेजारी मान्यवर आणि मथळ्यात आकडा. इतक्या बालकांच्या चेहऱ्यावर हसू फुललं. बातमी खोटी नसते आणि शिबिरही बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण तो फोटो ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतला असतो. तेच मूल सात वर्षांचं होऊन दुसरीच्या वर्गात बसतं, तेव्हाचा फोटो कुणी छापत नाही.

काही मुलांकडे तेव्हा बघितलं तर ऑपरेशन झालंय हे पटकन लक्षातही येत नाही. काहींचा ओठ मात्र एका बाजूने वर ओढलेला असतो. कुणाच्या ओठाच्या लाल कडेला पायरी पडलेली असते. कुणाच्या ओठाच्या मधोमध खाच राहते, तोंड मिटलं तरी दात दिसतात. कुणाचं नाक एका बाजूने बसकं. घरचे म्हणतात, "जन्मताच होतं, डॉक्टरांनी जेवढं जमलं तेवढं केलं." यात निम्मं खरं आहे. दुभंग फार रुंद असेल तर चांगल्या हातालाही मर्यादा येते. पण या व्यंगांपैकी बरीचशी मूळ आजाराची नसतात. ती पहिल्या ऑपरेशनच्या वेळी, किंवा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांत तयार होतात. म्हणजे ती टाळता येण्यासारखी असतात.

शिंपी कापड बेततो तेव्हा कात्री एकदाच चालते. ओठाचंही तसंच आहे. पहिल्या वेळी सर्जनच्या हाताखाली मऊ, ताजी, व्रण नसलेली कातडी असते. दुसऱ्या वेळी तिथे आधीच्या जखमेचा घट्ट व्रण असतो आणि वापरायला कातडी कमी उरलेली असते. दुरुस्तीची ऑपरेशनं होतात, त्यांनी फरकही पडतो. पण पहिल्याच वेळी नीट झालेल्या ओठाची बरोबरी क्वचित होते.

पालघरहून सुरू झालेली योजना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सोनिया गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, जन्मजात व्यंगं, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतल्या अडचणी शोधायच्या आणि पुढे मोफत उपचाराला पाठवायचं, अशी ही योजना. दुभंगलेला ओठ आणि टाळू तिच्या यादीत पहिल्यापासून आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येणारं डॉक्टरांचं पथक गावागावात ओळखीचं आहे ते याच योजनेचं.

या योजनेने एक मोठं काम केलं. फाटलेल्या ओठाचं मूल घरात लपवून ठेवण्याचे दिवस बरेच मागे पडले. ग्रहणात आईने काही चिरलं, कापलं म्हणून ओठ फाटला, हे अजूनही पाड्यांवर ऐकायला मिळतं. त्यात तथ्य नाही. पोटातल्या बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे अनेकदा आईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तेव्हाच. तो का जुळत नाही याला आनुवंशिकता, तंबाखू, फिटच्या काही गोळ्या अशी अनेक कारणं एकत्र असू शकतात. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे सांगायला हवं. बहुतेक घरांत नेमकं एक कारण सापडतच नाही, त्यामुळे सुनेला दोष देण्यात अर्थ नाही.

पण योजनेची मोजणी कशी होते ते बघा. किती तपासले, किती सापडले, किती पाठवले, किती ऑपरेशनं झाली. एक वर्षाने ओठ कसा दिसतो, मूल कसं बोलतं, हा रकाना बातमीत नसतो आणि गावच्या बैठकीतही कुणी विचारत नाही. जे मोजलं जात नाही त्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, सरकारी दवाखान्यातही आणि खासगीतही.

साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं, असं जगभर धरलं जातं. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला साडेतीनशे बाळंतपणं होत असतील तर तिथे दोन वर्षांतून एकदा असं बाळ दिसेल. त्यामुळे तिथली नर्स किंवा आशाताई गोंधळली तर नवल नाही. कल्याण-डोंबिवलीत अडचण वेगळी आहे. तिथे अनेक बाळंतपणं खासगी नर्सिंग होममध्ये होतात आणि नवजात बाळांची या योजनेतली तपासणी मुख्यतः सरकारी बाळंतपणाच्या ठिकाणी असते. शहराच्या कडेच्या गावातलं बाळ डोंबिवलीच्या खासगी दवाखान्यात जन्मलं तर ते कुणाच्याच यादीत येत नाही, आणि पुढचा सल्ला मिळतो तो नातेवाइकांकडून.

ओठात नेमकं काय बिघडलेलं असतं

वरून बघितलं तर वाटतं, कातडी फाटलीय, दोन कडा जवळ आणून शिवल्या की झालं. जुन्या काळी असंच करत. कडा खरवडून सरळ रेषेत शिवायच्या. जखम भरायची, पण व्रण भरताना आखडतो आणि सरळ रेषेतला व्रण आखडला की ओठ नाकाकडे ओढला जातो. आखूड ओठ हे व्यंग असं तयार होतं.

खरी गोष्ट कातडीखाली आहे. तोंडाभोवती एक गोल स्नायू असतो. शिट्टी मारताना, मुका घेताना, 'प' 'ब' 'म' म्हणताना तो आवळला जातो. फाटलेल्या ओठात हा गोल तुटलेला असतो आणि त्याची टोकं भलतीकडे, नाकपुडीच्या तळाशी आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या बुडाशी चिकटलेली असतात. बाळ रडलं की तो स्नायू नाकालाच ओढतो, म्हणून नाक त्या बाजूला पसरतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये ही टोकं तिथून सोडवून एकमेकांना जोडावी लागतात. ते न करता नुसती कातडी शिवली तर बाळ झोपलेलं असताना ओठ बरा दिसतो. हसलं, रडलं की व्रणाच्या बाजूला गोळा वर येतो आणि मध्ये खड्डा पडतो. फोटोत हे कळत नाही, कारण फोटो शांत बाळाचा काढतात.

दुसरी जागा म्हणजे कड. ओठाचा लाल भाग जिथे संपतो तिथे वर एक बारीक, किंचित उंच, फिकट रेघ असते. आरशात बघितली की दिसेल. ही रेघ दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळली पाहिजे. एक मिलिमीटर चुकली तरी समोर बसून बोलणाऱ्याला दिसते, कारण माणसाची नजर बोलताना तिथेच असते. तीन महिन्यांच्या बाळाच्या वरच्या ओठाची नाकापासून कडेपर्यंतची उंची जेमतेम एक सेंटिमीटर असते. त्यात एक मिलिमीटर म्हणजे दहावा हिस्सा. मूल वाढतं तशी ती चूकही वाढते.

आणि इथेच सगळ्यात स्वस्त खबरदारी आहे. ऑपरेशनच्या आधी सर्जन ओठावर शाईने खुणा करतात. धनुष्यासारख्या कमानीचं मधलं टोक कुठे, चांगल्या बाजूचं टोक कुठे, फाटलेल्या बाजूला ते कुठे आणायचं. कंपासासारख्या बारीक मापकाने अंतरं मोजतात. मग काही ठिकाणी सुईच्या टोकाने शाई कातडीत टोचून ठेवतात, म्हणजे पुसली जाणार नाही. हे सगळं रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन ओठात देण्याआधी व्हायला हवं. इंजेक्शन दिलं की ओठ सुजतो, पांढरा पडतो आणि ती बारीक रेघ दिसेनाशी होते. मग खुणा अंदाजाने कराव्या लागतात. एका दिवसात रांगेने ऑपरेशनं उरकायची असतील तर घाई नेमकी या दहा मिनिटांत होण्याची भीती असते.

मधोमधची खाचही बहुतेक वेळा टाळता येते. लाल भागात पुरेसा स्नायू आणि पुरेशी त्वचा भरली नाही तर ओठ मिटल्यावर तिथे शिट्टी वाजवताना राहते तशी फट राहते. फाटलेल्या कडेची लाल त्वचा सरसकट कापून टाकण्याऐवजी तिचाच तुकडा आत वळवून भर घालणं, हा त्यावरचा उपाय. ज्याला रोजची सवय आहे तो सर्जन हे आधीच बेतून ठेवतो.

सरळ रेषेतल्या शिवणीवर तोडगा म्हणून दोन रीती जगभर रूढ झाल्या. १९५२ मध्ये टेनिसन या अमेरिकी सर्जनने त्रिकोणी तुकड्याची रीत मांडली. तिच्यात सगळं आधी मोजून, मग कापायचं. १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेत राल्फ मिलार्ड यांनी दुसरी रीत मांडली, ती त्यांना कोरियात काम करताना सुचली होती. तिच्यात ओठाचा आतला भाग फिरवून खाली आणायचा आणि बाहेरचा भाग पुढे सरकवायचा. व्रण नाकाखालच्या पन्हळीच्या नैसर्गिक कडेत लपतो. पण फिरवणं कमी पडलं तर ओठ आखूड राहतो. पहिल्या रीतीत उलट भीती असते, ओठ लांब होण्याची. आज बहुतेक सर्जन यातलं कुठलं तरी रूप, स्वतःच्या अनुभवाने थोडं बदलून वापरतात. कोणती रीत वापरली यापेक्षा ती वापरणारा किती सरावलेला आहे, याने जास्त फरक पडतो.

महाराष्ट्राचा या कामातला वाटा छोटा नाही. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. सी. बालकृष्णन यांनी दुभंगांची जी वर्गवारी १९७५ मध्ये मांडली ती नागपूर वर्गवारी म्हणूनच ओळखली जाते. मुंबईचे डॉ. चार्ल्स पिंटो यांचे शिष्य डॉ. हिरजी अडेनवाला १९५९ मध्ये केरळातल्या त्रिशूरच्या मिशन रुग्णालयात गेले आणि अर्धं शतक तिथे हजारो मुलांचे ओठ शिवत राहिले. तिथल्या केंद्राला त्यांनी स्वतःचं नाही, आपल्या गुरूंचं नाव दिलं. त्या केंद्रातून पुढे मांडला गेलेला आग्रह हाच की ओठ, स्नायू आणि नाक हे पहिल्याच वेळी एकत्र बघायचं.

नाकाचं पुढे बघू म्हणणं महागात पडतं

नाकाला लहानपणी हात लावला तर त्याची वाढ खुंटते, अशी सर्जनांमध्ये बरीच वर्षं भीती होती. म्हणून ओठ शिवायचा आणि नाक मोठेपणी बघायचं, अशी पद्धत पडली. ऑस्ट्रेलियातले हॅरल्ड मॅकोम्ब आणि इतरांनी ओठाबरोबरच नाकाची बसलेली कूर्चा हलकेच सोडवून वर उचलायला सुरुवात केली. त्या मुलांना अनेक वर्षं बघितल्यावर वाढ खुंटल्याचं दिसलं नाही. आता बहुतेक मोठ्या केंद्रांत पहिल्याच वेळी नाकपुडीही सारखी केली जाते आणि काही ठिकाणी नंतर काही महिने नाकपुडीत सिलिकॉनची छोटी नळी ठेवतात. नाकाचं अंतिम ऑपरेशन १६-१८ वर्षांनंतर लागू शकतं, ते वेगळं. पण मधली पंधरा वर्षं मूल शाळेत, बाजारात, लग्नात बसक्या नाकाने वावरणार की बऱ्या नाकाने, हे पहिल्या दिवशी ठरतं.

दोन्ही बाजूंनी फाटलेल्या ओठाचं काम याहून अवघड. मधला हिरडीचा तुकडा पुढे आलेला असतो, मधल्या ओठात स्नायूच नसतो. तो मधला भाग पुढे झपाट्याने रुंद होतो, म्हणून सर्जन तो मुद्दाम अरुंद ठेवतात. असं बाळ असेल तर जवळचा दवाखाना, ओळखीचा डॉक्टर असा विचार बाजूला ठेवून थेट मोठ्या केंद्रात जावं.

आशाताईचे सहा फेरे

व्यंग टाळण्याचं निम्मं काम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आहे आणि ते मुरबाडच्या टोकावड्यात किंवा शहापूरच्या डोळखांबातही होऊ शकतं.

भूल देण्याआधी डॉक्टर एक जुना हिशोब धरतात. वय किमान दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. १९६० च्या दशकापासून हा नियम चालत आला आहे आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांत ओठाचं ऑपरेशन करतात. वजन कमी असताना ऑपरेशन केलं तर भुलेचा धोका वाढतोच. शिवाय अशक्त बाळाची जखम नीट भरत नाही, टाके उसवतात आणि उसवलेला ओठ परत शिवला की व्रण रुंद होतो. रक्त कमी म्हणून तारीख पुढे जाते तेव्हा घरचे चिडतात. शंभर किलोमीटरचा प्रवास करून, दोन दिवसांची मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे. पण तारीख पुढे ढकलणारा डॉक्टर बाळाच्या बाजूनेच विचार करत असतो.

म्हणून पहिले तीन महिने सगळा जोर दुधावर हवा. नुसता ओठ फाटलेला असेल तर बाळ बहुतेक वेळा अंगावर पिऊ शकतं. टाळूही फाटलेली असेल तर तोंडात ओढच तयार होत नाही, बाळ चोखत राहतं, थकतं, झोपतं आणि पोट रिकामं राहतं. अशा वेळी आईचं दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. घराघरात पूर्वी असलेलं बोंडलं यासाठी अगदी योग्य आहे, फक्त दर वेळी उकळून घ्यायला हवं. बाळाला आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरायचं, थोडं थोडं पाजायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. एका वेळच्या पाजण्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी चुकतंय. दूध नाकातून येतं म्हणून घाबरून पाजणं बंद करणं ही सर्वांत मोठी चूक.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन होतंय की नाही हे या सहा फेऱ्यांत कळतं. फाटलेला ओठ कुणालाही दिसतो, पण टाळू दिसत नाही. पहिल्याच फेरीत तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात टाळू बघितली पाहिजे. ओठ धड आणि टाळू फाटलेली, अशीही बाळं असतात आणि ती महिनोन्महिने "दूध ओढत नाही" एवढ्याच तक्रारीवर फिरत राहतात.

दुभंग रुंद असेल तर ऑपरेशनपर्यंतच्या काळात गालापासून गालापर्यंत चिकटपट्टी लावून कडा जवळ आणता येतात. ते डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणेच करायचं. मोठ्या केंद्रांत टाळूला प्लास्टिकची प्लेट बसवून हिरडी आणि नाकाला आकार देतात. ती उत्तम, पण दर आठवड्याला जावं लागतं. किन्हवलीहून आसनगाव, आसनगावहून लोकल पकडून परळ, असा फेरा दर आठवड्याला करणं रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही. अशा घरांसाठी पट्टीचा साधा उपाय आणि वजनावर लक्ष, हे जास्त उपयोगाचं ठरतं.

सहा आठवड्यांनी ओठ आखडलेला दिसतो तेव्हा

ऑपरेशननंतर चेहऱ्यावरचे कातडीचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढायचे असतात. आपोआप विरघळणारे असतील तर प्रश्न नाही. नसतील आणि बाळ पंधरा दिवसांनी परत आलं तर टाक्यांच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांचे कायमचे डाग राहतात. म्हणून घरी जाण्याआधी एकच गोष्ट विचारायची : टाके विरघळणारे आहेत की काढायचे, आणि कोणत्या तारखेला. शहापूर उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात ते काढता येतील का, हेही सर्जनलाच विचारून चिठ्ठी घ्यावी. बारीक टाके काढायला बाळाला गुंगी द्यावी लागू शकते.

बाळ जखमेला हात लावू नये म्हणून कोपर वाकणार नाही अशी पुठ्ठ्याची पट्टी काही दिवस बांधतात. दवाखान्यातून सुटल्यावर आजी ती सोडते, कारण बाळ रडतं. ती सोडू नये.

त्यानंतर एक टप्पा येतो जो बहुतेक घरांना आधी सांगितलेला नसतो. चार ते आठ आठवड्यांत व्रण लाल, टणक होतो, आखडतो आणि ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. "ऑपरेशन बिघडलं" असं म्हणत काही जण दुसरा डॉक्टर गाठतात, काही जण भगताकडे जातात. हा व्रणाचा नेहमीचा प्रवास आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावर हलक्या बोटाने रोज मालिश केली तर सहा महिने ते वर्षभरात व्रण मऊ होतो आणि ओठ बराचसा खाली येतो. वर्षाच्या आत दुरुस्तीचं ऑपरेशन करायची घाई सहसा कुणी जाणता सर्जन करत नाही. वर्षानंतरही ओठ ओढलेलाच असेल, कडेला पायरी असेल, तर मात्र नशीब म्हणून गप्प बसू नये. शाळेत जाण्याआधी दाखवावं.

परत तपासणीला न येण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण निष्काळजीपणा नाही. दिवाळीनंतर कातकरी, ठाकर कुटुंबं भिवंडी, कल्याण परिसरातल्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ऑपरेशन डिसेंबरात झालं तर तपासणीच्या तारखेला गावात कुणीच नसतं. पथकाच्या नोंदीत बाळ "आढळले नाही". भट्टी जिथे असेल तिथल्या आरोग्य केंद्राला ही माहिती कळवली तर बाळ हातातून जात नाही. पण एका तालुक्याची वही दुसऱ्या तालुक्यात जात नाही, ही जुनी रड आहे.

कुठे जायचं, काय विचारायचं

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न १९९० च्या दशकात उभा राहिला होता. तिथे लहानमोठ्या ५७ ठिकाणी अशी ऑपरेशनं होत. पाच आणि बारा वर्षांच्या मुलांना प्रत्यक्ष बोलावून तपासलं, ओठ, दात, बोलणं बघितलं आणि निकाल इतर काही देशांच्या मानाने कमी पडल्याचं दिसलं. १९९८ मध्ये अहवालाने शिफारस केली की ही ठिकाणं कमी करून ८ ते १५ मोठी केंद्रं करा. कारण साधं होतं : वर्षाला दोन-चार ओठ शिवणाऱ्याचा हात आणि आठवड्याला दोन-चार शिवणाऱ्याचा हात सारखा नसतो.

ठाण्याच्या लोकांना अशी केंद्रं लांब नाहीत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने मोफत ऑपरेशनं करणारी खासगी रुग्णालयंही आहेत. त्यातली अनेक उत्तम काम करतात. शिबिर म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. शिबिर संपल्यावर तो सर्जन परत कुठे भेटणार, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. इथे महिन्याला किती ओठांची ऑपरेशनं होतात, लहान मुलांना भूल देणारे तज्ज्ञ आहेत का, स्नायू आणि नाकाचं काम याच वेळी करणार का, वर्षभराने बघायला कोण असेल, हेही विचारावं. अशा प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि प्रत्येक भेटीला बाळाचा समोरून एक, खालून नाक दिसेल असा एक आणि हसताना एक, असे तीन फोटो मोबाईलवर काढून तारखेसह ठेवावेत. पुढच्या डॉक्टरला याचा फार उपयोग होतो.

पैशाचं म्हणाल तर बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चिठ्ठी घेऊनच जावं, ती असली की उपचाराचा खर्च घरच्यांवर पडू नये अशीच योजना आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. बाळाचं नाव रेशनकार्डावर आलेलं नसतं, म्हणून जन्माचा दाखला पहिल्या महिन्यातच काढून ठेवावा. प्रवासाचा, जेवणाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च मात्र घरच्यांच्याच खिशातून जातो. तपासणीला लोक येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या यंत्रणेने आधी याचा विचार करायला हवा. ऑपरेशनवर हजारो रुपये खर्च होतात आणि टाके वेळेवर निघावेत म्हणून लागणारं दोन माणसांचं एसटीचं भाडं कुणी देत नाही.

राहिली टाळू. ओठ शिवला की चेहरा बदलतो, पाहुणे कौतुक करतात आणि घरच्यांना वाटतं आता संपलं. टाळू फाटलेली असेल तर तिचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान व्हायला लागतं, म्हणजे मूल बोलायला शिकतं त्याच्या आधी. ते चुकलं तर ओठ कितीही सुंदर शिवलेला असो, मूल नाकात बोलतं आणि वर्गात वाचायला उभं राहायचं टाळतं. ओठाच्या तपासणीला जातानाच टाळूची तारीख त्याच कागदावर लिहून घेता येते. ती मागताना पावसाळा संपल्यावरची आणि भट्टीवर जाण्याआधीची मागावी.